पीपल्स कॉलेज, मामंजींची ट्रंक आणि आमच्या घरातला बी.ए.चा वाद



बरेच दिवस काही लिहिले नाही. कारण सांगते. जूनपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता आणि त्यात माझी बाजू फारशी शोभेची नव्हती. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला मोकळी होईन.

माझ्या मुलीने दोनदा नीट दिली. दुसऱ्या वेळी तर वर्षभर लातूरला राहून क्लास केला. खोली, मेस, टेस्ट सिरीज, सगळे केले. मार्क काही आले नाहीत. निकालानंतर चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आई, मला परत लातूर नको. मी बी.ए. करणार. इतिहास घेणार."

मी पटकन बोलून गेले, "बी.ए. करून काय करणार? तुझ्या आजोबांनी पण बी.ए. केलं होतं. बसले ना शेवटी हदगावात कापडाच्या दुकानातच!"

हे बोलले तेव्हा सासूबाई देवघरात जाप करत होत्या. त्यांनी माळ पूर्ण केली, डोळ्याला लावली आणि बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "त्यायनी काय केलं ते तुला ठाऊक नाही गं. माळवदावरच्या खोलीत त्यायची ट्रंक आहे. काढ एकदा."

ट्रंक काढली. मामंजी जाऊन सहा वर्षे झाली, तोवर कोणी ती उघडली नव्हती. आत मराठवाडा विद्यापीठाची पदवी होती, गुणपत्रिका होत्या, शाईने भरलेल्या वह्या होत्या आणि नांदेडला राहत असतानाची एक खर्चाची वही होती. त्या वहीने मला आठवडाभर जागवले. त्यात नुसता हिशोब नव्हता. एक मुलगा हदगावातून निघून कुठे गेला होता हे त्यात होते. मग मी मुलीच्या मदतीने त्या कॉलेजचा इतिहास वाचायला घेतला. जे कळले ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधीचा काळ

मामंजी शिकले ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये. हे कॉलेज १९५० साली सुरू झाले. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे. आपल्याकडे त्यानंतर पासष्ट वर्षांनी कॉलेज आले. पण या पासष्ट वर्षांतच सगळी गोष्ट आहे.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुकही झाले आणि ते खरेही होते. पण ती भाषा उर्दू होती. हैदराबाद संस्थानात बहुतेक लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. म्हणजे घरी मराठी, बाजारात मराठी, देवळात मराठी आणि शिकायचे मात्र उर्दूतून. शिवाय मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोयच नव्हती. औरंगाबादला इंटरमीडिएट कॉलेज होते, तेही सरकारी. पुढे शिकायचे तर हैदराबाद गाठा, नाहीतर संस्थानाबाहेर पुणे, नागपूर, अमरावती.

आमच्या हदगावचे तर वेगळेच. तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांच्या कारभारातला मुलूख. नदीच्या अलीकडे सभा घ्यायला परवानगी, खासगी शाळा काढायला परवानगी. पलीकडे वर्तमानपत्रे आणि सभा त्या मानाने मोकळ्या. एकाच बोलीची, एकमेकांत सोयरीक असणारी माणसे आणि मधल्या एका नदीमुळे मुलांचे नशीब वेगळे. आमच्या सासूबाईंच्या आजोळच्या लोकांना शिक्षणासाठी पलीकडे पाठवल्याचे त्या सांगतात.

विद्यार्थ्यांनी हे निमूट सहन केले असे नाही. १९३८ च्या अखेरीस वंदे मातरम् चळवळ झाली. वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी मुले वंदे मातरम् म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. औरंगाबादच्या कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुले हटली नाहीत, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. मी हे वाचत होते तेव्हा संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली होती. मनात आले, आपण रोज आपली प्रार्थना म्हणतो, कोणाला विचारावे लागत नाही. वसतिगृहातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी एका प्रार्थनेसाठी शिक्षण पणाला लावले होते.

संन्याशाने काढलेले कॉलेज

पीपल्स कॉलेज उभे करणारे स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे म्हणून ते नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते. पण ते मुळात शिक्षक होते हे मला आत्ता कळले. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. पुण्याला टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकले. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ काम केले. मग निजामाच्या राज्यात हिप्परगा या खेड्यातल्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

संन्यास घेतलेला माणूस शाळा चालवतो याचे मला आश्चर्य वाटले नाही. आपले साधू-साध्वी घर सोडतात, परिग्रह सोडतात, पण शिकणे आणि शिकवणे सोडत नाहीत. स्वामीजींनी घर सोडले आणि तुरुंग धरला असे म्हणावे लागेल. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली आणि ते सत्याग्रहात गेले. नंतरही ते पुन्हा पुन्हा तुरुंगात होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला, पण आपल्याकडे तिरंगा लावणे गुन्हा होता. स्वामीजींना पुन्हा अटक झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तेव्हा कुठे आपले स्वातंत्र्य उगवले. म्हणूनच आपण १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर असे दोन्ही झेंडे वंदन करतो. माझ्या पुण्याच्या जावेला हे अजून समजावून सांगावे लागते.

आता पुढची गोष्ट बघा. लढा जिंकल्यावर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, स्वामीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांदेडला कॉलेज काढले. त्यासाठी नांदेड एज्युकेशन सोसायटी ही संस्था होती. त्याच वर्षी २६ जानेवारीला देश प्रजासत्ताक झाला होता. पण हैदराबाद राज्याचे राजप्रमुख मात्र अजून निजामच होते आणि ते १९५६ पर्यंत राहिले. अशा वेळी कॉलेजला नाव दिले पीपल्स. म्हणजे लोकांचे. राजाचे नाव नाही, देणगीदाराचे नाव नाही, संताचेही नाव नाही. इतकी वर्षे मी ते नाव एसटीच्या खिडकीतून वाचत होते, पण त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता.

आणि योगायोग असा की त्याच १९५० च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले. पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्षू नागसेनाला त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले आणि उत्तरे पटली तेव्हा मोकळेपणाने मान्य केली. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला देणे मला फार आवडले. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या अक्षराला बंदी होती, अशी मुले मराठवाड्यातून तिथे शिकायला आली. एकाच वर्षी, एकाच मागासलेल्या मुलखात, दोन गावांत दोन पीपल्स. पहिली काही वर्षे इथली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि मग ती आपल्या विद्यापीठात आली.

खर्चाच्या वहीतले कॉलेज

मामंजी १९६४ मध्ये पी.यू.सी.ला गेले. तेव्हा हदगावहून नांदेडला जाणे म्हणजे अर्धा दिवस. आता वारंगा फाटा, अर्धापूर करत दीड-दोन तासांत पोचतो. त्यांनी गाडीपुऱ्यात खोली घेतली होती. आमच्याच समाजातली आणखी दोन मुले बरोबर होती. जेवणाचा प्रश्न मोठा होता. खाणावळीत कांदा-लसूण, बटाटा सगळे असायचे आणि संध्याकाळचे ताट दिवे लागल्यावर यायचे. त्यामुळे मुले वातीच्या स्टोव्हवर स्वतःच शिजवत. वहीत रॉकेल, मूगडाळ, ज्वारी दळण, पाणी गाळायचे कापड, शाईची दौत अशा नोंदी आहेत. शनिवारी हदगावच्या एसटीने घरून डबा यायचा. रिकामा डबा परत पाठवताना त्यात धुतलेली फडकी घडी करून ठेवलेली असत. हे सासूबाईंनी सांगितले. त्यांना त्यांच्या सासूने सांगितले होते.

एका पानावर एक ओळ आहे, ती वाचून मी हसले आणि नंतर डोळ्यांत पाणी आले. "भाषण सहा वाजता. आधी जेवून जाणे." आपल्याकडे चौविहार पाळणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ही धावपळ माहीत आहे. सूर्यास्ताच्या आत घास पोटात गेला पाहिजे आणि भाषणही चुकायला नको. अशा नोंदी वहीत पंधरा-वीस तरी आहेत. सिनेमाची नोंद एकदाच आहे. ती खोडलेली आहे!

भाषणे कोणाची? मराठी विभागात तेव्हा नरहर कुरुंदकर होते. मैत्रिणींनो, हे नाव तुमच्यापैकी काहींनी 'श्रीमान योगी' कादंबरीच्या प्रस्तावनेखाली वाचले असेल. रणजित देसाईंच्या त्या कादंबरीला त्यांची मोठी प्रस्तावना आहे. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, गाव वसमतजवळचे कुरुंदा. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत येते. म्हणजे आपल्या शिरड शहापूरच्या मल्लिनाथाला जाताना ज्या भागातून जातो, तिथलेच. हैदराबादला मामांकडे राहून शिकले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर मराठीचे मोठे अभ्यासक होते.

आता ऐका. हे कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. अभ्यासक्रम सोडून बाकी सगळे वाचायचे. वर्षानुवर्षे शाळेत शिक्षक होते. पुढे पदव्या पूर्ण केल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि नंतर त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, संगीत, हैदराबादचा लढा, राजकारण, कशावरही ते अभ्यास करून बोलत. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. वय होते अवघे एकोणपन्नास. त्यांची कितीतरी पुस्तके त्यानंतर निघाली.

मी हे मुलीला वाचून दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त "अनेकदा?" असे विचारले. मी म्हटले, "हो, अनेकदा." चार महिन्यांत पहिल्यांदा ती मनापासून हसली.

आणखी एक गोष्ट. कुरुंदकर स्वतःला नास्तिक म्हणवत. आणि आमचे मामंजी रोज अभिषेक केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे. मी सासूबाईंना विचारले, "मग घरच्यांना चाललं का हे?" त्या म्हणाल्या, "त्यायच्या आईनं विचारलं होतं म्हणं, मास्तर देव मानत नाही तर तू कामून ऐकतूस? तर हे म्हणले, ऐकलं तरच कळतंय ना, आपण कामून मानतोत ते." आपण अनेकांतवाद अनेकांतवाद म्हणतो. पाठशाळेत आंधळे आणि हत्तीची गोष्ट मुलांना सांगतो. पण समोरचा आपल्यापेक्षा वेगळे बोलत असताना तासभर शांत बसून ऐकायचा सराव किती जणांना असतो? मामंजींनी तो नांदेडच्या वर्गात केला आणि त्यांची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही. उलट शास्त्रसभेत कोणी प्रश्न विचारला तर ते कधी चिडत नसत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा मला वाटायचे, स्वभावच शांत आहे.

सगळेच गोड नव्हते

इतिहास लिहायचा तर एकच बाजू सांगून चालत नाही. त्या वहीत मुलींचा उल्लेख नाही. हदगावसारख्या गावातल्या मुलीला नांदेडला खोली करून कोण ठेवणार? सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांना शाळेत पहिला नंबर होता. त्यांच्या वडिलांनी पाचवीला नाव घातले नाही, कारण पुढची शाळा दूर होती. लोकांचे कॉलेज निघाले, पण त्या लोकांत बाया यायला अजून एक पिढी जावी लागली.

आणि कॉलेजातली मुले नेहमी शहाणीच वागली असेही नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी पुढे होते. रस्ते, रेल्वे, नोकऱ्या या मागण्या रास्त होत्या. पण २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्याच जिल्ह्यात दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. त्यात शिकलेली पोरेही होती. ज्यांनी १९३८ मध्ये एका गीतासाठी शिक्षण पणाला लावले, त्यांच्याच मुलखात चाळीस वर्षांनी एका नावासाठी हे झाले. अहिंसेचे नाव घेणाऱ्या आपल्या समाजातले किती जण तेव्हा उंबऱ्याबाहेर येऊन बोलले, हे मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "दुकान बंद होतं. हे दोघा-तिघांच्या घरी धान्य देऊन आले रातच्याला. बाकी कोणी नाही." त्यापुढे त्या बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आता हदगाव, किनवट, भोकरची मुले त्या विद्यापीठाची पदवी घेतात.

दुकानातले बी.ए.

आता माझ्या त्या वाक्याकडे येते. मामंजी बी.ए. होऊन दुकानात बसले हे खरे. वडील आजारी पडले, धाकटी भावंडे होती. पुढे एम.ए. करायची इच्छा होती, ती राहून गेली.

पण दुकानात बसून त्यांनी काय केले? गल्ल्यामागच्या फडताळात कापडाच्या गाठोड्यांच्या वर एक फळी पुस्तकांची होती. कोणीही यावे, वहीत नाव लिहावे, पुस्तक न्यावे. ती वहीही ट्रंकेत सापडली. कोण्या खेड्यातल्या पोलीस पाटलाने, कोण्या शिंप्याने, कोण्या कंडक्टरने नेलेली पुस्तके. बहुतेकांपुढे 'परत' असे लिहिले आहे, काहींपुढे नाही. पीक कर्जाचे अर्ज, कोर्टाचे कागद, मुलाच्या दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करायचा अर्ज, हे सगळे लिहून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरच्या मजुरांची हजेरी नीट लिहिली जात नाही म्हणून तहसीलला जाऊन बसले होते.

आणि ज्यासाठी सासूबाईंनी ती ट्रंक काढायला लावली, ते शेवटी त्यांनीच सांगितले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर लावून वाचता यायचे, बस. रोज दुकान बंद झाल्यावर मामंजी त्यांना कंदिलाजवळ बसवून वाचायला लावत. आधी त्यांच्या कॉलेजच्या मराठीच्या पुस्तकातले धडे, मग वर्तमानपत्र, मग शास्त्र. तीन वर्षे. "मोठ्यायला वाटायचं आम्ही हिशोब करतोत," म्हणाल्या. आज आमच्या मंदिरात दुपारचा महिलांचा स्वाध्याय सासूबाई घेतात. पंचवीस-तीस बाया बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. त्या किती शिकल्या आहेत हे विचारायचे मला कधी सुचलेच नाही.

आपल्याकडे चार दाने सांगितली आहेत: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आहारदान आपल्याला लगेच दिसते, कारण ताट समोर असते. शास्त्रदान दिसत नाही. भगवान ऋषभदेवांनी आपल्या मुलींना, ब्राह्मीला अक्षरे आणि सुंदरीला अंक शिकवले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. पहिली विद्या मुलींना दिली यात आपण अभिमान मानतो. आणि घरात मुलगी अमुक शिकते म्हणाली की पहिला प्रश्न विचारतो, "त्याने पगार किती मिळेल?"

पगाराचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. कला शाखेच्या वर्गात मुले कमी होत चालली आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे हाल आपण बघतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तिशीपर्यंत बसलेली मुले आपल्या ओळखीची आहेत. मोठ्या शहरांत आता 'लिबरल आर्ट्स' नावाची विद्यापीठे निघाली आहेत. तिथे साहित्य, इतिहास, विज्ञान, संगीत सगळे थोडे थोडे शिकायचे, प्राध्यापकांशी वाद घालायचा आणि त्यासाठी लाखांनी फी भरायची. ती बघून मला आमची खर्चाची वही आठवली. नांदेडला हेच एका साध्या कॉलेजात, वातीच्या स्टोव्हवर मूगडाळ शिजवून खाणाऱ्या पोरांना मिळत होते. त्याला तेव्हा कोणी इंग्रजी नाव दिले नव्हते, आर्ट्स कॉलेज म्हणत.

तर आता

मुलीचा प्रवेश झाला. नव्या धोरणाप्रमाणे मेजर इतिहास आणि मायनर मराठी. आमचे हे अजून पूर्ण खूश नाहीत. म्हणतात, "बी.एड. तरी कर पुढे." बघू. मलाही रात्री झोप लागत नाही कधी कधी. क्लासचे पैसे गेले, दोन वर्षे गेली, पुढे काय, हे सगळे मनात येतेच. मी मामंजींइतकी शांत नाही.

पण त्या दिवशी बोललेल्या वाक्याची क्षमा मी मुलीची मागितली आणि सासूबाईंचीही. संवत्सरीपर्यंत थांबले नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझी कशाला मागतीस, त्यायची माग." मग मामंजींच्या फोटोपुढे उभी राहिले. काय बोलावे कळेना. शेवटी ती पुस्तकांची वही पुसून दुकानात नेऊन ठेवली. फळी अजून आहे, तिच्यावर आता ब्लाउज पीसचे खोके असतात. एक कप्पा रिकामा करून घेतला आहे. सध्या तिथे अकरा पुस्तके आहेत. परवा नाव लिहून पहिले पुस्तक कोणी नेले सांगू? समोरच्या मेडिकलवाल्याच्या बायकोने. तिला मी वीस वर्षे ओळखते. ती वाचते हे मला माहीतच नव्हते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल. सासरे, काका, आत्या, कोणीतरी पहिल्यांदा गावाबाहेर जाऊन शिकलेले असेल. कुठे राहिले, काय शिजवून खाल्ले, कोणी शिकवले, हे विचारून ठेवा. माणूस आहे तोवर विचारा. मी सहा वर्षे उशिरा विचारले, म्हणून मला वहीवर भागवावे लागले.

लिहिताना काही चुकले असेल, कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.